झुंबराला एवढी काच कशाला?

जुना राजवाडा पाहायला गेलेली माणसे दरबार हॉलमध्ये शिरली की आधी मान वर करतात, आणि पुष्कळांच्या मनात एक साधा प्रश्न येतो : यात दिवे थोडे आणि काचच जास्त, असे का? काच स्वतः उजेड देत नाही. उलट झुंबराचे वजन, किंमत आणि साफसफाईचा व्याप तिच्यामुळेच वाढतो. श्रीमंतीचा थाट दाखवण्यासाठी, हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. थाट सोन्याच्या पत्र्याने किंवा जरीच्या पडद्यांनीही दाखवता आला असता. झुंबर घडले ते उजेड दुर्मीळ आणि महाग असलेल्या काळात. त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग आधी कामासाठी आला आणि मग शोभेचा झाला. लोलक, पितळेचा मोठा गोळा, मेणबत्तीखालची बशी, हंडीवरची उलटी वाटी या सगळ्यांना नेमून दिलेले काम होते. ते काम समजून घ्यायचे, तर आधी त्या काळच्या उजेडाचा हिशेब मांडावा लागतो.

१. चाळीस मेणबत्त्यांचा उजेड किती?

दिव्यातून बाहेर पडणारा उजेड ल्यूमेन या एककात मोजतात. विजेच्या दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. चांगली मेणबत्ती साधारण १२ ते १३ ल्यूमेन उजेड देते आणि ५ वॉटचा एलईडी दिवा ४५० ते ५०० ल्यूमेन. म्हणजे चाळीस मेणबत्त्यांचे भरगच्च झुंबर आणि आजचा एक छोटासा दिवा यांचा उजेड जवळपास सारखाच.

एका खऱ्या दालनाचा हिशेब पाहू. इंग्लंडमधील बाथ गावी १७७१ साली बड्या घरच्या मंडळींच्या मेजवान्या आणि नृत्यासाठी असेंब्ली रूम्स ही इमारत खुली झाली. तिचे नृत्यदालन सुमारे ३२ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. छताला पाच झुंबरे, प्रत्येकात चाळीस मेणबत्त्या, म्हणजे एकूण दोनशे. दोनशे गुणिले साडेबारा केले की २,५०० ल्यूमेन येतात. त्या काळातल्या अत्यंत झगमगीत समजल्या जाणाऱ्या दालनाचा हा सगळा उजेड आज पाच-सहा एलईडी दिव्यांत भागेल.

एवढ्याशा उजेडासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र जबर होती. गरिबाघरची मेणबत्ती जनावराच्या चरबीची. ती धुराची, उग्र वासाची, आणि तिची वात सारखी कातरावी लागे. बड्या घरी मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती जळे. ती स्वच्छ, पण महाग. त्यातच इंग्लंडमध्ये १७०९ ते १८३१ या काळात मेणबत्त्यांवर कर होता आणि मेणाच्या मेणबत्तीवर तो चरबीच्या मेणबत्तीपेक्षा कितीतरी जास्त होता. म्हणून मोठ्या घरांतही झुंबर रोज पेटत नसे. एरवी त्यावर कापडी खोळ चढवलेली असे आणि पाहुणे यायचे असले की ती निघे. खर्चाशिवाय उष्णतेचाही प्रश्न होता. एक मेणबत्ती साधारण ८० वॉट उष्णता देते. बाथच्या दालनातल्या दोनशे मेणबत्त्या मिळून १६ किलोवॉटची भट्टीच पेटलेली असे, आणि त्याखाली माणसे नाचत.

मेणबत्त्या वाढवाव्यात तर खर्च आणि उकाडा दोन्ही वाढणार. तेव्हा आहे त्या ज्योतींकडूनच जास्त काम करून घेणे, हा एकच मार्ग उरत होता. काच येथे उपयोगी पडली.

२. काच उजेडाचे काय करते

काच उजेड निर्माण करत नाही, हे आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. काटेकोर मोजले तर झुंबरातली काच थोडा उजेड गिळतेच. पण डोळ्याला दालन किती तेजस्वी वाटते, हे केवळ एकूण उजेडावर ठरत नाही. नजरेच्या टप्प्यात चमकणारे बिंदू किती आहेत, यावरही ते ठरते. एका ज्योतीची वीस लहान प्रतिबिंबे वीस वेगवेगळ्या जागी दिसली, तर दालन लखलखते. झुंबराचे सगळे कसब हे बिंदू वाढवण्यात आहे.

त्यासाठी काच तीन गोष्टी करते. पहिली म्हणजे परावर्तन. काचेच्या पृष्ठभागावर सरळ पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परत फिरतो. हा वाटा लहान आहे, पण शेकडो पैलू असले की शेकडो लहान आरसे तयार होतात. दुसरी गोष्ट अपवर्तन, म्हणजे काचेत शिरताना आणि बाहेर पडताना किरणाने दिशा बदलणे. त्यामुळे ज्योत एका जागी असूनही तिचा उजेड भलत्याच कोनातून डोळ्याला येऊन मिळतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. काचेच्या आतून बाहेर निघू पाहणारा किरण पृष्ठभागाला फार तिरपा येऊन भिडला, तर तो बाहेर पडतच नाही, पूर्णपणे आत परततो. साध्या काचेत ही मर्यादा सुमारे ४२ अंशांची आहे. हा कोन पृष्ठभागाला काढलेल्या लंबापासून मोजतात.

काटकोनी त्रिकोणाच्या आकाराचा, दोन्ही छोट्या बाजू सारख्या असलेला एक लोलक घ्या. एका छोट्या बाजूतून किरण सरळ आत आला, तर तो मागच्या तिरप्या बाजूला ४५ अंशांत भिडतो. ४५ हे ४२ पेक्षा जास्त. म्हणून तिथे पारा किंवा चांदीचा लेप नसतानाही ती बाजू आरशाचे काम करते, तेही साध्या आरशापेक्षा सरस, कारण जवळजवळ सगळाच उजेड परत येतो. काचेला पैलू पाडणारा कारागीर ज्या कोनांसाठी जीव टाकत असे, त्यांमागे हे गणित आहे. त्याने ते कागदावर मांडलेले नसे, डोळ्याने आणि हाताने ओळखलेले असे.

लोलकाच्या कडेला दिसणारे लाल-निळे रंगही अपवर्तनातूनच येतात. काच प्रत्येक रंगाला थोड्या वेगळ्या कोनात वळवते, म्हणून पांढरा उजेड फाकतो. ज्योत हलली की हे रंगीत बिंदू जागा बदलतात. बघणारा दोन पावले चालला तरी बदलतात. मेणबत्तीच्या झुंबराला जो जिवंतपणा होता, तो या हालचालीचा होता.

हीच युक्ती आरशांनी आणखी पुढे नेली. पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्यात १६८४ साली पूर्ण झालेल्या आरसेमहालात सतरा खिडक्यांसमोर सतरा कमानी आहेत आणि त्यांत ३५७ आरसे बसवलेले आहेत. समोर खिडक्या, मागे आरसे आणि मध्ये झुंबरे, अशा मांडणीत प्रत्येक ज्योत आणि प्रत्येक लोलक पुन्हा एकदा दिसतो. राजवाड्यांमध्ये झुंबर आणि मोठा आरसा बहुधा जोडीने का आढळतात, त्याचे कारण हेच.

३. काच एकच नसते

काच वितळवताना तिचा कारभार गुळाच्या पाकासारखा असतो. बर्फ जसा एका ठरावीक तापमानाला पाणी होतो तशी काच होत नाही. ती हळूहळू सैल पडते, आणि निवताना हळूहळू घट्ट होते. ती किती वेळ ओढता, वळवता येईल आणि घट्ट झाल्यावर किती कठीण होईल, हे वाळूत काय मिसळले आहे यावर ठरते. युरोपातील झुंबरांची तीन मोठी घराणी या मिसळीतूनच वेगळी झाली.

पहिले घराणे व्हेनिसचे. आगीच्या भीतीने १२९१ साली तिथल्या काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून शेजारच्या मुरानो बेटावर नेण्यात आल्या. मुरानोची काच सोड्याची. हा सोडा समुद्रकाठच्या वनस्पतींच्या राखेतून मिळे. ही काच बराच वेळ मऊ राहते, म्हणून भट्टीजवळ बसलेला कारागीर तिला चिमट्याने ओढून पाने, पाकळ्या, वेली काढू शकतो. अठराव्या शतकात ज्युसेप्पे ब्रियाती या कारागिराने याच काचेतून फुलांच्या ताटव्यासारखी झुंबरे घडवली. व्हेनिसच्या का’ रेझ्झोनिको या हवेलीत त्याचे वीस भुजांचे झुंबर आजही टांगलेले आहे. मुरानोच्या झुंबरात पैलू जवळजवळ नसतात. त्याची शोभा रंगाची आणि आकाराची असते, लखलखाटाची नसते.

दुसरे घराणे बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील जंगलपट्ट्याचे. तिथे सोड्याऐवजी लाकडाच्या राखेतील पोटॅश वापरत. ही काच कठीण आणि स्वच्छ, कोरीव कामाला उत्तम. १७२४ साली योसेफ पाल्मे याला झुंबरे बनवण्याचा अधिकृत परवाना मिळाला आणि कामेनिकी शेनोव परिसरात हा धंदा फोफावला. बोहेमियाने आणखी एक चांगली युक्ती काढली. सम्राज्ञी मारिया तेरेसा हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झुंबरांत भुजा लोखंडाच्या चपट्या पट्टीची असते आणि तिच्या दोन्ही अंगांना काचेच्या पट्ट्या व फुले जडवतात. भार धातू उचलतो, दिसते मात्र काचच.

तिसरे घराणे इंग्लंडचे. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ साली नव्या प्रकारच्या काचेचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या त्याच्या काचेला काही काळाने आतून बारीक जाळीसारख्या भेगा पडत. तो दोष घालवता घालवता त्याने मिश्रणात शिशाचे ऑक्साइड मिसळले. ही काच जड आणि तुलनेने मऊ असते, म्हणून चाकावर घासून तिला खोल पैलू पाडता येतात. ती किरणाला जास्त वळवते आणि रंग जास्त फाकवते. बोटाच्या नखाने टिचकी मारली तर लांब नाद देते. लखलखणारे लोलक हवे असतील तर याहून सोयीची काच त्या काळी दुसरी नव्हती. फ्रान्समध्ये त्याआधी राजेरजवाड्यांसाठी नैसर्गिक स्फटिक तासून लोलक करत. ते मौल्यवान आणि थोडेच मिळत. पुढे १७६४ साली स्थापन झालेल्या बाकरा कारखान्यानेही १८१६ नंतर शिशाची काच करायला घेतली.

इंग्लंडच्या झुंबरांच्या रूपावर कराचाही ठसा उमटलेला आहे. तिथे १७४५ साली काचेवर वजनाप्रमाणे कर बसला. शिशाची काच मुळात जड, त्यामुळे तिच्यावर बोजा जास्त. हा कर १८४५ पर्यंत टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी झुंबरांत काचेच्या जाड भुजा मागे पडल्या आणि बारीक लोलकांच्या शेकडो माळा वरच्या कड्यापासून खालच्या कड्यापर्यंत तंबूसारख्या सोडलेल्या दिसतात. त्यामागे बदललेली आवड होती, तसे थोड्या काचेत जास्त पैलू साधण्याचे शहाणपणही होते. कर उठल्यावर लगेचच अवाढव्य काचकामाचे दिवस आले.

४. भार कोण उचलतो

युरोपात काचेच्या आधी धातू होता. यान व्हान आयिकच्या १४३४ सालच्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या प्रसिद्ध चित्रात छताला सहा भुजांचे पितळी झुंबर आहे आणि त्यात एकच मेणबत्ती जळते आहे. सतराव्या शतकातल्या डच पितळी झुंबरांच्या तळाशी मोठा, चकचकीत घासलेला गोळा असतो. त्याची दोन कामे. वजन खाली आल्याने झुंबर झोके घेत नाही, आणि गोलाकार पृष्ठभागावर प्रत्येक ज्योतीचे प्रतिबिंब पडते. काचेचे झुंबर सुरुवातीला याच पितळी झुंबराच्या आकारावर बेतलेले होते.

फ्रेंच सरदारांच्या घरांत काशाच्या ओतीव झुंबरांवर सोन्याचा मुलामा देत. सोने पाऱ्यात विरघळवून लगदा करायचा, तो धातूवर चोपडायचा आणि तापवून पारा उडवायचा. सोने चिकटून राही, पण पाऱ्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसात जाई. दात पडणे, हात थरथरणे, बुद्धी भ्रमणे हे त्या धंद्याचे ठरलेले भोग होते. त्या सोनेरी झळाळीचे कौतुक करताना हे विसरू नये. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याच्या रीतीचे पेटंट घेतले, तेव्हा या कामातून पारा हळूहळू हद्दपार होऊ लागला.

काचेच्या झुंबरात धातू लपलेला असतो, पण सगळा भार त्याच्यावरच असतो. मधोमध लोखंडी किंवा पितळी दांडा. त्यावर काचेचे पोकळ घट आणि नळ्या ओवलेल्या, म्हणजे दांडा दिसू नये. दांड्याच्या खालच्या भागात काचेचे पसरट भांडे आणि त्याच्या आत धातूची तबकडी. तबकडीला कडेने चौकोनी खाचा. काचेच्या प्रत्येक भुजेच्या टोकाला पितळेची चौकोनी टोपी प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की केलेली असते आणि ती खाचेत बसते. टोपी चौकोनी असल्याने भुजा स्वतःभोवती फिरत नाही. चांगल्या इंग्रजी झुंबरात खाचेवर आणि टोपीवर एकच आकडा कोरलेला आढळतो, कारण हाताने घडवलेल्या दोन भुजा कधीच तंतोतंत सारख्या नसतात आणि सातवी भुजा सातव्याच खाचेत नीट बसते. भुजेच्या दुसऱ्या टोकाला वितळलेले मेण झेलणारी बशी आणि तिच्यावर मेणबत्तीचा पेला. बशीच्या कडेला भोके पाडून त्यांतून लोलक सोडतात.

हा जोड कच्चा राहिला तर काय होते, ते बाथच्या त्याच दालनात दिसले. तिथे आधी जोनाथन कॉलेट याची झुंबरे लावली होती. ती लागून फार दिवस झाले नसतील तोच एक भुजा निखळून खाली कोसळली. चित्रकार टॉमस गेन्सबरो त्या वेळी खालीच होता आणि थोडक्यात बचावला. झुंबरे उतरवण्यात आली, नवी विल्यम पार्कर याच्याकडून करून घेतली, आणि कॉलेटच्या उरलेल्या काचेतून अष्टकोनी दालनासाठी एक झुंबर जुळवले गेले. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये चांदीच्या वर्खाच्या ड्रॅगनने पंजात धरलेले सुमारे एक टन वजनाचे झुंबर आहे. राणी ॲडलेड हिला ते कोसळेल अशी एवढी धास्ती होती की १८३३ साली ते उतरवून ठेवावे लागले. ते पुन्हा चढले पुढच्या काळात.

५. वाडे, राजवाडे आणि हंड्या

युरोपातले झुंबर हिंदुस्थानात आले तेव्हा त्याला वेगळ्या घराशी जुळवून घ्यावे लागले. थंड मुलखातल्या दालनाची दारे-खिडक्या बंद असतात. इकडे चौक उघडा, खिडक्या उघड्या आणि डोक्यावर ओढपंखा. उघडी ज्योत अशा घरात टिकत नाही. म्हणून इकडच्या मागणीप्रमाणे प्रत्येक ज्योतीभोवती काचेचा फानूस आला, आणि झुंबराइतकेच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व हंडीला मिळाले.

हंडी म्हणजे काचेचे पोटाळ भांडे, तीन साखळ्यांनी पितळी कड्यातून टांगलेले. आत काचेचा पेला. पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि तेलात वात. हे पाणी फार हुशारीचे आहे. त्यामुळे तेलाची पातळी वर राहते, पेल्याचा तळ तापून तडकत नाही, आणि तेल संपले की वात पाण्याला टेकून आपोआप विझते. छत सागवानी कडीपाटाचे असेल तर या शेवटच्या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको. साखळ्या जिथे एकत्र येतात तिथे, हंडीच्या वर, काचेची एक छोटी उलटी वाटी लटकते. ती काजळी झेलते, म्हणजे छत काळे होत नाही. आज गणपतीच्या आरासीत किंवा लग्नाच्या मांडवात हंड्या-झुंबरे टांगतात तेव्हा आत विजेचा दिवा असतो, तरी ही उलटी वाटी कित्येकदा जशीच्या तशी राहिलेली असते. महाराष्ट्रातले घर त्याआधी समई आणि लामणदिव्याच्या पितळेवर उजळत होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे पाहिले की ती परंपरा किती समृद्ध होती ते समजते. काचेच्या हंडीने पितळेला हटवले नाही. देवघरात समई राहिली, दिवाणखान्यात हंडी आली.

हिंदुस्थानी संस्थानिकांना काच पुरवणाऱ्यांत सगळ्यांत मोठे नाव बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचे. ही कंपनी १८०७ साली सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिने कलकत्त्यात दुकान थाटले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मध्यभागी उभे असलेले २७ फूट उंचीचे काचेचे कारंजे ऑस्लरचेच होते. त्यात चार टन काच होती. ते उभे राहिले ते काचेच्या आत दडवलेल्या लोखंडी दांड्यांवर, म्हणजे झुंबराच्याच तत्त्वावर. त्या कारंज्याने ऑस्लरची कीर्ती पूर्वेकडे पोचवली. उदयपूरचे महाराणा सज्जनसिंह यांनी १८७७ साली कंपनीकडे झुंबरेच नव्हेत तर काचेच्या खुर्च्या, मेजे, पलंगसुद्धा मागवले. माल वापरात येण्याआधीच, १८८४ साली, महाराणांचे निधन झाले. पेट्या शंभराहून अधिक वर्षे बंद राहिल्या. आता तो सगळा ऐवज फतेहप्रकाश राजवाड्याच्या स्फटिक दालनात मांडलेला आहे. वापराची झीज न लागलेले एवढे ऑस्लरकाम एका जागी पाहायला मिळणे विरळाच.

मराठी वाचकाला सगळ्यांत जवळचे उदाहरण ग्वाल्हेरचे. जयाजीराव शिंदे यांनी १८७४ साली जयविलास राजवाडा उभारला. त्याचा आराखडा मायकेल फिलोज याचा. तिथल्या दरबार हॉलमध्ये दोन झुंबरे आहेत, प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन आणि उंची साडेबारा मीटर. ती टांगण्यापूर्वी उतार बांधून हत्ती छतावर चढवले आणि छत भार पेलते का ते पाहिले, अशी हकिकत तिथे सांगितली जाते. हत्तींची संख्या कोणी आठ सांगतात, कोणी दहा. हकिकतीतले गणित मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. दोन झुंबरांचे वजन सात टन. एका मध्यम हत्तिणीचे वजन तीन टन धरले, तर आठ हत्तींचे २४ टन होते, म्हणजे प्रत्यक्ष भाराच्या सव्वातीन पटीहून अधिक. टांगलेल्या वस्तूसाठी आजचा अभियंताही गरजेच्या कितीतरी पट बळकटी ठेवतो, कारण आकडा, साखळी, तुळई यांपैकी एक जरी कमजोर निघाले तरी बाकीच्यांचा उपयोग नसतो. शिवाय स्थिर भार आणि हेलकावणारा भार यांत फरक असतो. चालते हत्ती तोही फरक भरून काढतात.

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातील खिलवत दालनात एकोणीस झुंबरे टांगली आहेत. गोव्यात चांदोर येथील ब्रागांझा घराण्याच्या प्रशस्त घरातील नृत्यदालनाला संगमरवरी जमीन, रंगवलेले छत आणि काचेची झुंबरे आहेत. पोर्तुगीज रीतीने नाच आणि संगीत घरात आल्यावर जमीनदारांच्या घरांना अशा दालनांची गरज पडली. हे राजवाडे नव्हेत, राहती घरे आहेत, म्हणून तिथली झुंबरे हाताच्या अंतरावरून पाहता येतात आणि भुजा, बशी, लोलक यांची जुळणी नीट उमगते.

६. वायू, रॉकेल, वीज

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत कोळशाचा वायू नळातून घरात आला. काचेच्या भुजेतून वायू नेणे धोक्याचे, म्हणून झुंबराच्या भुजा पुन्हा पोकळ धातूच्या झाल्या आणि काच ज्योतीभोवतीच्या गोळ्यापुरती उरली. उजेड वाढला, पण जळत्या वायूतील गंधकाने छत, पडदे आणि मुलामा काळवंडू लागले. पुष्कळ जुन्या घराण्यांनी मुख्य दालनात मेणबत्त्याच ठेवल्या, वायू फक्त जिने आणि स्वयंपाकघरापुरता घेतला, तो याच कारणाने.

त्याच सुमाराला रॉकेलने साध्या घरातही काचेचा दिवा आणला. महाराष्ट्रात कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले काच कारखाना सुरू झाला आणि त्याचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. वाऱ्यापासून ज्योत राखणे हे हंडीचे काम, तेच कंदिलाच्या काचेचे.

मोठ्या घरात विजेचा दिवा लावण्याचे अगदी सुरुवातीचे उदाहरण इंग्लंडच्या उत्तरेकडील क्रॅगसाइड या घरातले आहे. विल्यम आर्मस्ट्राँग यांनी ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार करून १८७८ साली तिथे आर्क दिवा पेटवला आणि १८८० साली जोसेफ स्वान यांचे बल्ब बसवले. ग्रंथालयातले दिवे मीनाकारी केलेल्या धातूच्या फुलदाण्यांवर उभे होते. फुलदाणीच्या तळाशी पाऱ्याची वाटी. फुलदाणी पाऱ्यात ठेवली की विजेचा मार्ग जुळे आणि दिवा लागे, उचलली की विझे. बटण अजून रुळलेले नव्हते.

विजेने झुंबराच्या सगळ्या जुन्या अडचणी मिटवल्या. मेण ठिबकत नाही, वात कातरावी लागत नाही, आग लागण्याची भीती कमी. पण एक गोष्ट बिघडू शकते आणि पुष्कळ ठिकाणी बिघडलेली दिसते. लोलक चमकण्यासाठी उजेडाचा उगम लहान आणि तेजस्वी लागतो, ज्योतीसारखा. दुधी काचेचा मोठा बल्ब बसवला तर उजेड भरपूर पडतो आणि लोलक मात्र मंद दिसतात. रंगाचाही प्रश्न आहे. मेणबत्तीच्या उजेडाचे रंगतापमान सुमारे १,९०० केल्विन, जुन्या तारेच्या बल्बचे २,७०० च्या आसपास, आणि पांढऱ्याफेक एलईडीचे ६,००० च्या पुढे. त्या पांढऱ्या उजेडात सोन्याचा मुलामा पितळेसारखा निस्तेज दिसतो. जुन्या झुंबरात पारदर्शक काचेचा, लहान तंतूचा, पिवळसर उजेडाचा दिवा लावणे हा त्यामुळे केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही.

७. झुंबराची निगा

मोठी झुंबरे स्वच्छ करण्यासाठी छतावर हातरहाट बसवून ती खाली उतरवण्याची सोय कित्येक राजवाड्यांत केलेली असे. जिथे ती नाही तिथे परांची उभारून वरच काम करावे लागते. अशा वेळी माणसाने झुंबराभोवती फिरायचे, झुंबर फिरवायचे नाही, हा पहिला नियम. मधला दांडा अनेकदा आट्यांनी जोडलेला असतो. झुंबर गरागरा फिरवले की आटे सैल होतात, आणि विजेच्या तारा पिळल्या जातात त्या वेगळ्याच.

झुंबर टांगलेले असताना त्यावर द्रावण फवारून ते निथळू देण्याची पद्धत सोपी वाटते, पण जुन्या झुंबराला ती घातक आहे. पाणी धातूच्या टोप्यांत शिरते, प्लास्टर भिजते, लोलकांच्या तारा गंजतात. अमोनिया असलेले द्रावण पितळेला खाते. काळजीपूर्वक काम करणारा कारागीर आधी सगळ्या बाजूंनी छायाचित्रे घेतो, वरून खाली एकेक माळ उतरवतो, प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी बांधतो, लोलक कोमट शुद्ध पाण्यात एकेक धुतो आणि सुती मऊ कापडाने लगेच पुसतो. हातमोजे घालावे लागतात, कारण बोटांचा तेलकटपणा पैलूवर राहिला तर चमक तिथेच मरते.

हरवलेल्या लोलकाच्या जागी नवा बसवताना काचेचे घराणे जुळवावे लागते. शिशाच्या काचेच्या माळेत सोड्याचा लोलक घातला तर तो दिवसा खपून जातो, रात्री दिवे लागले की ठिपक्यासारखा मंद दिसतो. दोन्ही ओळखण्याच्या रीती साध्या आहेत. सारख्या आकाराच्या दोन लोलकांत शिशाचा जड भरतो. लहान तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली त्याला निळसर झाक येते, सोड्याच्या काचेला तशी येत नाही. सगळ्यांत शेवटी, आणि खरे तर सगळ्यांत आधी, तपासायचा तो छतातला आकडा. दोनशे वर्षांत काचेला काही झालेले नसते, पण लाकडी तुळईला वाळवी लागलेली असू शकते आणि लोखंडी कडी झिजून अर्धी झालेली असू शकते. म्हणून झुंबर पुन्हा चढवण्यापूर्वी आकड्याला झुंबराहून जास्त वजन टांगून काही काळ ठेवतात आणि तुळई वाकली का, कडी सरकली का ते मोजून पाहतात.